नॉर्वेजियन जोडशब्द: सांधा कुठे, जोर कुठे?

नॉर्वेजियन शिकायला लागलं की लवकरच दोन शिक्षकांशी गाठ पडते. 'एन नॉष्क लॅरर' म्हणजे नॉर्वेचा नागरिक असलेला शिक्षक. तो वर्गात गणित शिकवत असेल, नाहीतर चित्रकला. 'एन नॉष्कलॅरर' म्हणजे नॉर्वेजियन भाषा शिकवणारा शिक्षक. तो मूळचा साताऱ्याचाही असू शकतो. कागदावर या दोघांत फरक आहे तो एका मोकळ्या जागेचा. बोलताना ती जागा ऐकू येत नाही, कारण कुणी तिथे थांबत नाही. ऐकू येतो तो जोर. पहिल्या जोडीत 'नॉष्क' आणि 'लॅरर' दोघांनाही स्वतःचा जोर मिळतो, 'लॅरर'ला थोडा अधिकच. दुसऱ्यात मुख्य जोर एकच, 'नॉष्क'वर. 'लॅरर' त्याच्या मागे दबून येतो. व्याकरणात ज्याला आघात म्हणतात तो हा जोर.

मराठीत आघात असतो, पण तो बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे आपला कान त्याकडे लक्षच देत नाही. नोकरीनिमित्त ऑस्लोला किंवा स्टाव्हांगरला गेलेल्या मराठी माणसाला शब्द पाठ असूनही समोरच्याला ते कळत नाहीत, त्याचं मोठं कारण हे आहे. आणि त्रास सर्वांत जास्त होतो तो जोडशब्दांत. नॉर्वेजियन भाषा शब्दाला शब्द जोडून रोज नवे शब्द बनवते, आणि ते सलग, एका दमात लिहिते. असा शब्द समोर आला की त्यातला सांधा आधी शोधावा लागतो. अक्षरं कुठे तुटतात, कोणता स्वर लांबवायचा, जोर कुठे द्यायचा, सूर कसा ठेवायचा, हे सगळं त्या सांध्यावरून ठरतं.

(या लेखातले नॉर्वेजियन शब्द ऑस्लोच्या आसपासच्या बोलण्याला धरून देवनागरीत लिहिले आहेत. तिकडचे काही स्वर मराठीत नाहीतच, त्यामुळे तिथे जवळचा स्वर घेतला आहे. सांधा दाखवायचा असेल तिथे आडवी रेघ दिली आहे.)

आधी सुट्या शब्दाचं बघू. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, ती म्हणजे वृत्तातले लघू-गुरू. दीर्घ स्वर असेल तर अक्षर गुरू, आणि ऱ्हस्व स्वरापुढे जोडाक्षर आलं तरी ते गुरू, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. नॉर्वेजियनमध्ये जोर असलेलं प्रत्येक अक्षर असंच गुरू असतं. ते गुरू होण्याच्या दोन वाटा आहेत: स्वर लांब आणि पुढचं व्यंजन आखूड, किंवा स्वर आखूड आणि व्यंजन लांब. 'ताक' म्हणजे छप्पर, त्यात 'आ' लांब. 'ताक्क' म्हणजे धन्यवाद, त्यात 'आ' चटकन संपतो आणि 'क' धरून ठेवायचा. 'पेन' म्हणजे सुंदर, आणि 'पेन्न' म्हणजे लिहायचं पेन. लिहिताना आखूड स्वरापुढचं व्यंजन सहसा दोनदा लिहितात, त्यावरून वाचणाऱ्याला अंदाज येतो. स्वर आणि व्यंजन दोन्ही लांब, किंवा दोन्ही आखूड, असं जोराच्या अक्षरात सहसा चालत नाही. जोर नसलेल्या अक्षरात मात्र सगळंच आखूड.

हा नियम जोडशब्दात प्रत्येक तुकड्याला वेगवेगळा लागतो. 'ताक' (छप्पर) आणि 'स्तॅइन' (दगड) मिळून कौलाला शब्द होतो 'ताकस्तॅइन'. रोमन लिपीत तो सलग लिहिलेला असतो आणि मधे क, स, त अशी तीन व्यंजनं एकापाठोपाठ येतात. आता नॉर्वेजियनमध्ये 'ताक्स्त' असाही शब्द आहे, आखूड 'आ'चा; त्याचा अर्थ मूल्यांकन किंवा ठरवलेला दर. सांधा चुकीच्या जागी धरला तर वाचणारा 'ताक्स्त-अॅइन' म्हणून बसतो, 'आ' आखूड होतो आणि कौल नाहीसं होतं. सांधा 'क'नंतर आहे हे कळलं तरच 'ताक' आपल्या लांब 'आ'सकट शाबूत राहतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तरी हेच. साध्या, न जोडलेल्या शब्दाचा ढोबळ नियम असा की दोन स्वरांमधली व्यंजनं कितीही असोत, पुढच्या ओळीवर एकच जातं: 'कास्ते' (फेकणे) तुटतो 'कास-ते' असा. हा नियम डोळे झाकून कौलाला लावला तर 'ताक्स-तॅइन' मिळेल, आणि ते चूक आहे. जोडशब्दात सांधा वरचढ ठरतो. तोडायचं तर सांध्यावर: 'ताक-स्तॅइन'.

मला सर्वांत आवडतं उदाहरण द्राक्षमळ्याचं आहे. 'व्हीन' म्हणजे वाइन, 'गोर' म्हणजे वाडी किंवा शेतघर. द्राक्षमळा म्हणजे 'व्हीनगोर'. रोमन लिपीत इथे एन आणि जी शेजारी शेजारी बसतात. एरवी ही दोन अक्षरं शेजारी आली की नॉर्वेजियनमध्ये त्यांचा मिळून एकच अनुनासिक आवाज होतो, आपल्या 'ङ'चा. पंखाला शब्द आहे 'व्हिङ्ङे', त्यात 'ग' ऐकूच येत नाही. पण व्हीनगोरमध्ये 'न' एका शब्दाचा आणि 'ग' दुसऱ्याचा, त्यामुळे दोघंही स्वतंत्र उच्चारले जातात. 'व्ही' लांब राहतो, 'न' स्वच्छ येतो, मग 'ग'. ज्याला सांधा दिसला नाही त्याला यातून 'व्हिङ-ओर' ऐकू येईल, जणू पंखांचं वर्ष, कारण 'ओर' म्हणजे वर्ष! एका सांध्यावर इथे स्वराची लांबी आणि दोन व्यंजनांचे उच्चार अवलंबून आहेत.

नॉर्वेजियन शब्द देवनागरीत टिपून घेण्याची सवय असलेल्यांनी इथे सावध राहायला हवं. आपली लिपी व्यंजनाला नेहमी पुढच्या स्वराकडे ढकलते. 'सत्कार' आपण 'सत्-कार' असा बोलतो, पण लिहिताना स, त्का, र अशी अक्षरं पाडतो. तसंच 'ताक्स्तॅइन' असं जोडाक्षर करून वहीत लिहिलं की सांधा पुसला जातो. वहीत तरी मधे रेघ मारावी.

आता लिखाणातली एक गंमत. एका तुकड्याच्या शेवटी दुहेरी व्यंजन असेल आणि दुसरा तुकडा त्याच व्यंजनाने सुरू होत असेल, तर तीन सारखी व्यंजनं एकत्र यायला हवीत. नॉर्वेजियन शुद्धलेखन ती तीन लिहू देत नाही, त्यातलं एक गाळतं. 'नात्त' (रात्र) आणि 'तोग' (आगगाडी) मिळून रात्रीची गाडी होते, पण रोमन लिपीत त्यात टी तीन नाहीत, दोनच. 'बुस्स' आणि 'शोफोर' मिळून बसचालक, त्यातही एस दोनच. वाद्यवृंदाला जो शब्द आहे, 'मुसिक्क' अधिक 'कॉर्प्स', त्यात के दोनच. पण हाच शब्द ओळीच्या शेवटी तुटला की गाळलेलं व्यंजन परत येतं: वरच्या ओळीत दोन के आणि रेघ, खालच्या ओळीत तिसरा के. म्हणजे सलग शब्दात जे दिसत नव्हतं ते तुटल्यावर दिसायला लागतं. मला हा नियम फार विचारी वाटतो, कारण दोन्ही तुकड्यांना त्यांचं त्यांचं पूर्ण रूप परत मिळतं.

दोन तुकड्यांच्या मधे कधीकधी 'स' किंवा 'ए' येऊन बसतो. 'बाण' म्हणजे मूल आणि 'हागे' म्हणजे बाग, पण बालवाडीला शब्द आहे 'बाणेहागे'. हा मधला 'ए' पहिल्या तुकड्याचा मानतात, तोडताना 'बाणे-हागे'. 'स'चंही तसंच. तो कधी येतो याचा पक्का नियम सांगणं अवघड आहे, पण त्याचं एक काम समजून घेण्यासारखं आहे. वाइनच्या ग्लासला 'व्हीनग्लास' म्हणतात, मधे काही नाही. रेड वाइनला 'रोव्हीन' म्हणतात. मग रेड वाइनच्या ग्लासला काय? 'रोव्हीनग्लास' नव्हे, 'रोव्हीन्सग्लास'. पहिला तुकडाच जोडशब्द असेल तर बरेचदा असा 'स' येतो, आणि तो सांगतो की मोठा सांधा इथे आहे: 'रो' आणि 'व्हीन' आधी एकत्र आले, 'ग्लास' नंतर जोडला. लाल रंगाचा वाइनग्लास असा अर्थ कुणी लावू नये याची सोय त्या एका 'स'ने होते. (प्रत्येक वेळी येतोच असं नाही. फुटबॉलच्या मैदानाचा शब्द बिन'स'चाच आहे.)

सांधा सापडला की जोराचं काम बरंचसं झालं. मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर. इथे एक बारकावा बरेच जण चुकवतात: जोर पहिल्या तुकड्यावर पडतो, पहिल्या अक्षरावर नव्हे. मूळच्या नॉर्वेजियन शब्दांत जोर बहुधा पहिल्या अक्षरावर असतो, म्हणून दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. पण बाहेरून आलेल्या शब्दांत जोर मागे असतो. केळ्याला 'बानान' म्हणतात आणि जोर 'नान'वर असतो. केळ्याची साल म्हणजे 'बानानस्काल'. यातही जोर 'नान'वरच राहतो, 'बा'वर सरकत नाही. बटाट्याच्या वेफर्सना 'पोतेतगुल' म्हणतात, अक्षरशः बटाट्याचं सोनं. 'पोतेत'चा जोर 'तेत'वर, म्हणून सबंध शब्दाचाही तिथेच. पूर्वेकडच्या बोलींत मात्र 'पो'वर जोर देऊन पोतेत म्हणणारेही भेटतात, आणि ते वेफर्सही तसेच मागतात. नियम तोच आहे, पहिल्या तुकड्याचा स्वतःचा जोर जिथे असेल तिथे सगळ्या शब्दाचा जोर.

दुसऱ्या तुकड्याचं काय होतं? तो मुका होत नाही. त्याच्या जोराच्या अक्षरावर अर्धा जोर उरतो, आणि लांबीही उरते. 'रोव्हीन' म्हणताना 'रो' ठळक, पण 'व्ही'सुद्धा लांबच. आपण मराठी माणसं इथे दोन प्रकारे घसरतो. एक तर दोन्ही तुकड्यांना सारखाच जोर देतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द वाटतात. नाहीतर पहिल्यावर जोर देऊन बाकीचं गिळून टाकतो, आणि दुसरा तुकडा ओळखूच येत नाही. ही अर्ध्या जोराची पायरी घटवायला वेळ लागतो, पण ती बसली की बोलणं एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

एकाच जोराने अर्थ कसा बदलतो ते चीजच्या दुकानात दिसतं. 'गाम्मेल' म्हणजे जुनं, 'उस्त' म्हणजे चीज. दोन शब्द, दोन जोर: जुनं झालेलं चीज, मग ते कोणतंही असो. एक शब्द, 'गाम्मेल'वर एकच मुख्य जोर: गाम्मेलउस्त, म्हणजे साय काढलेल्या आंबट दुधापासून बनवलेलं, तपकिरी, उग्र वासाचं एक ठरावीक पारंपरिक चीज. सोग्नेफ्योर्डच्या काठावरचं व्हीक हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. ताजं आणलं तरी ते गाम्मेलउस्तच.

जोराच्या जोडीला नॉर्वेजियनमध्ये सूरही असतो, आणि तो लिपीत कुठेच दाखवत नाहीत. 'तांकेन' हा शब्द दोन प्रकारे म्हणता येतो. एका सुरात तो 'टाकी' असतो, दुसऱ्या सुरात 'विचार'. दोन्हींचं स्पेलिंग एकच. ऑस्लोकडे पहिला सूर जोराच्या अक्षरावर खाली असतो आणि मग वर चढतो. दुसरा उंचावरून सुरू होऊन उतरतो आणि शेवटी पुन्हा वर जातो. याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे. तिथे जे शब्द एका अक्षराचे होते त्यांच्या वंशजांना साधारणपणे पहिला सूर मिळाला, दोन अक्षरी शब्दांच्या वंशजांना दुसरा. टाकीचा मूळ शब्द 'तांक' एका अक्षराचा आहे, विचाराचा 'तांके' दोन अक्षरांचा, आणि सुरांची वाटणीही तशीच पडते. जोडशब्दाचा सूर सर्वसाधारणपणे पहिला तुकडा ठरवतो: 'सॉम्मेर' (उन्हाळा) दुसऱ्या सुराचा, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीचा शब्दही दुसऱ्या सुराचा. पहिला तुकडा एकाच अक्षराचा असेल तर मात्र सूर शब्दागणिक शिकावा लागतो. शेजारच्या स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या बोलीत, जोडशब्द सरसकट दुसऱ्या सुरात म्हणतात. नॉर्वेत इतकं सोपं नाही. पण घाबरायचं कारण नाही. सूर चुकला तरी संदर्भाने भागतं, आणि नॉर्वेतल्या काही भागांत, उदाहरणार्थ बर्गनच्या उत्तरेकडे, लोक दोन सुरांत फरक करतच नाहीत. माझ्या मते शिकणाऱ्याने आधी जोर पक्का करावा, सुराच्या मागे नंतर लागावं.

वर 'नॉष्क' आणि 'बाणे' असं लिहिलं, ते मुद्दाम. पूर्व नॉर्वेत 'र'पुढे त, द, न, स आले की दोन्ही मिळून एकच आवाज होतो, आणि तो आपल्या ट, ड, ण, ष यांचा असतो. रोमन लिपी तिथे दोन अक्षरं लिहिते. देवनागरीत त्याला नेमकं एक अक्षर तयार आहे. युरोपातल्या इतर शिकणाऱ्यांची जीभ जिथे अडखळते तिथे मराठी माणसाला हे आवाज जन्मापासून येतात. गंमत अशी की हे मिलन सांधा ओलांडूनही होतं. 'सॉम्मेर' अधिक 'सूल' (सूर्य) म्हणजे उन्हाळ्यातला सूर्य. लिहिताना ओळीच्या शेवटी हा शब्द बरोबर 'र' आणि 'स'च्या मधे तुटतो, पण बोलताना ते दोघं मिळून एक 'ष' होऊन गेलेले असतात: 'सॉम्मेषूल'. कागदावरचा सांधा कानाला सापडत नाही! अशा वेळी जोर आणि स्वरांची लांबी हाच आधार उरतो. 'सॉम'वर मुख्य जोर, 'षू' लांब आणि अर्ध्या जोराचा, म्हणजे दुसरा तुकडा तिथून सुरू झाला. बर्गन आणि स्टाव्हांगरकडे 'र' घशातून काढतात, तिथे ट, ड, ण होत नाहीत आणि सांधा मोकळा राहतो. नॉर्वेत बोलीभाषेला कोणतंही अधिकृत प्रमाण रूप नाही, त्यामुळे या दोन्हींपैकी एक शुद्ध आणि दुसरं अशुद्ध असं कुणी म्हणत नाही.

पहिल्या तुकड्यावर जोर, या नियमाला अपवाद आहेत, आणि सर्वांत ठळक अपवाद नकाशावर आहेत. दक्षिण किनाऱ्यावरचं क्रिस्तियानसान चौथ्या ख्रिस्तियान राजाने 1641 मध्ये वसवलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रिस्तियानसुनला सहाव्या ख्रिस्तियानच्या काळात, 1742 मध्ये, शहराचा दर्जा मिळाला. दोन्ही नावांत जोर शेवटी आहे: 'सान'वर आणि 'सुन'वर. दोन नावांत फरक तेवढाच, आणि जोरही नेमका त्याच अक्षरावर, म्हणून बोलण्यात गावं वेगळी कळतात. पत्त्यावर मात्र घोळ होत असे, म्हणून दक्षिणेतल्या गावाच्या नावापुढे एस आणि उत्तरेतल्याच्या पुढे एन लिहायची पद्धत पडली होती. तिकीट काढताना 'क्रिस्ति'वर जोर देऊन शेवट पुटपुटला तर आजही पंचाईत होईल.

जोडशब्द तोडून लिहिणं ही नॉर्वेतली सर्वांत चर्चेतली शुद्धलेखनाची चूक आहे. ही चूक इंग्रजीच्या प्रभावाने वाढली असं तिथल्या अनेकांचं म्हणणं असतं. 'लाम्मेलोर' म्हणजे कोकराची तंगडी. मधे जागा सोडली की होतात लुळ्या मांड्या. अननसाच्या फोडींच्या शब्दात जागा सोडली की 'अननस चावतो' असं वाक्य तयार होतं. आणि 'धूम्रपानमुक्त' या अर्थाचा 'रॉइकफ्रित्त' हा शब्द पाटीवर तोडून लिहिला, तर ती पाटी वाचणाऱ्याला खुशाल सिगारेट ओढायला सांगते. 1 जून 2004 पासून नॉर्वेतल्या हॉटेलांत आणि बारमध्ये धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा अशी पाटी कायद्याच्या बरोबर उलट बोलते. हे निव्वळ विनोद म्हणून सांगितलं जातं, पण त्यामागे कानाचं सत्य आहे. मोकळी जागा दिसली की नॉर्वेजियन वाचक मनात दुसरा पूर्ण जोर देतो, आणि दोन जोर आले की दोन शब्द झाले. शब्द जोडून लिहायचा की नाही अशी शंका आली तर तो मोठ्याने म्हणून बघावा. मुख्य जोर एकच ऐकू आला तर जोडून लिहायचा.

लांबलचक शब्दाशीही याच क्रमाने वागावं. मानवी हक्क संघटनेला नॉर्वेजियनमध्ये एकच शब्द आहे: 'मेन्नेस्केरेत्तिहेत्सऑर्गानिसाशून'. पहिल्यांदा पाहताना दम लागतो. मागून बघावं. 'ऑर्गानिसाशून' ओळखीचा आहे, संघटना. त्याच्या आधी 'स' आहे, तो जोडणारा. म्हणजे मोठा सांधा इथे. उरलं 'मेन्नेस्केरेत्तिहेत'. 'मेन्नेस्के' म्हणजे माणूस, 'रेत्तिहेत' म्हणजे हक्क. दुसरा सांधा सापडला. आता जोर: सगळ्यात ठळक 'मेन', मग दबका 'रेत', मग दबका 'शून', कारण संघटनेच्या शब्दाचा स्वतःचा जोर शेवटच्या अक्षरावर आहे. तीन ठेके, त्यातला पहिला मोठा, आणि मधली अक्षरं हलकी.

असे बरेच शब्द शब्दकोशात सापडणार नाहीत, कारण लोक ते गरजेप्रमाणे बनवतात आणि सगळे नोंदवणं कुणाला शक्य नाही. बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची सरकारी भाषा परिषद मिळून बुकमोल आणि नीनॉष्क या दोन्ही लेखी रूपांचे कोश इंटरनेटवर फुकट देतात. अख्खा शब्द टाकून काही मिळालं नाही तर तुकडे वेगवेगळे टाकून बघावेत. आणि एखादा तुकडा सापडत नसेल तर शेवटचा 'स' किंवा 'ए' काढून पुन्हा बघावं. तो बहुधा सांध्यातला असतो.